‘नांदायला ये’ असा हुकूम न्यायालय देऊ शकते का? : वैवाहिक हक्कांच्या दाव्याचा इतिहास

कायद्याचा इतिहास हा विषय अनेकांना जुन्या सनावळ्यांचा वाटतो. रेग्युलेटिंग ॲक्ट, चार्टर ॲक्ट, पहिला विधी आयोग, दंड संहिता असा क्रम पाठ केला की परीक्षेपुरते काम भागते. या टिपणात आपण थोडा वेगळा रस्ता घेणार आहोत. आज सर्वोच्च न्यायालयापुढे असलेला एक वाद घेऊ आणि तो मागे कुठपर्यंत जातो ते पाहू.

वाद असा आहे. पती किंवा पत्नी पुरेसे कारण नसताना वेगळी राहू लागली, तर दुसऱ्या बाजूने न्यायालयात जाऊन ‘तिला (किंवा त्याला) माझ्याबरोबर राहण्याचा हुकूम द्या’ अशी मागणी करता येते. हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम ९ हा अधिकार देते. विशेष विवाह कायद्यात तो कलम २२ मध्ये आहे, पारशी विवाह कायद्यात कलम ३६ मध्ये आहे, ख्रिस्ती विवाहांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात आहे आणि मुस्लिम पतिपत्नींना जुन्या न्यायनिर्णयांच्या आधारे साधा दिवाणी दावा लावता येतो. कायद्याच्या पुस्तकात याला ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’ म्हणतात. तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसे त्याला ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतात, आणि मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटते. कारण कायद्याचे कलम स्त्री आणि पुरुष दोघांना सारखे लागू असले, तरी ‘नांदणे’ हे क्रियापद आपल्या भाषेत सुनेसाठीच वापरले जाते. जावई नांदायला गेला असे कोणी म्हणत नाही.

या उपायाबद्दल बोलताना ‘ही आपली परंपरा आहे’ असे बाजू घेणारे बऱ्याचदा म्हणतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच : हा उपाय आला कोठून?

तो आला इंग्लंडच्या धर्मपीठांकडून. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयात चालत. विवाह मोडता येत नसे, म्हणून पळून गेलेल्या जोडीदाराला परत येण्याची आज्ञा करणे एवढाच मार्ग उरे. आज्ञा मोडणाऱ्यास धर्मबहिष्कृत केले जाई. १८१३ च्या कायद्याने बहिष्काराऐवजी तुरुंग आला, कमाल सहा महिन्यांचा. १८५७ मध्ये हे खटले चर्चकडून काढून नव्या घटस्फोट न्यायालयाकडे देण्यात आले, पण उपाय तसाच राहिला.

हिंदू धर्मशास्त्रात पतिपत्नींनी एकत्र राहावे असा उपदेश भरपूर आहे आणि पतीचे घर सोडणाऱ्या स्त्रीची निंदाही आहे. पण पतीने राजाच्या न्यायसभेत दावा लावावा, सभेने पत्नीला मुदत द्यावी आणि ती न आल्यास तिला कैद करावी, अशी पद्धत तेथे नाही. उलट ज्या जाती मोठ्या संख्येने होत्या, त्यांच्यात काडीमोड आणि पाट रूढ होते. नवऱ्याशी पटले नाही तर जातपंचायतीपुढे जाऊन मोकळे होता येत असे. ब्रिटिश न्यायालयांनी ही वाट अरुंद केली. १८७६ च्या रेजिना विरुद्ध शंभू रघु या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. म्हणजे पंचायतीतून बाहेर पडण्याची वाट बंद होत होती आणि त्याच सुमारास परत आणण्याची इंग्रजी वाट उघडत होती. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात, आणि पाठ्यपुस्तकांत त्या सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतात.

ती वाट उघडली तीही सरळ नाही. १८५६ मध्ये एका पारशी स्त्रीच्या अर्दसीर करसेटजी प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे धर्मपीठीय अधिकारक्षेत्र ख्रिस्तीतरांना लागू करणे योग्य नाही. दारात पाऊल टाकण्यापूर्वीच दार लागले असे वाटावे. पण १८६७ मध्ये मुन्शी बुझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या प्रकरणात त्याच प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम पतीचा असा दावा दिवाणी न्यायालयात चालू शकतो हे मान्य केले. एकदा दिवाणी दावा म्हटल्यावर दिवाणी प्रक्रिया संहिता आली. १८८२ च्या संहितेच्या कलम २६० मध्ये हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंग, मालमत्तेची जप्ती किंवा दोन्ही अशी तरतूद होती. चर्चच्या न्यायालयातली शिक्षा अशा रीतीने मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या दिवाणी कायद्यात येऊन बसली.

येथे रखमाबाईंकडे वळावे लागते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या मुंबईतील नामांकित डॉक्टरांशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात विधवाविवाहाला मनाई नव्हती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न सखाराम अर्जुन यांच्या दूरच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. रखमाबाई सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी त्या वाचत राहिल्या, शिकत राहिल्या. दादाजींचे शिक्षण थांबले, प्रकृती बिघडली. रखमाबाईंच्या नावावर वडिलांची मालमत्ता होती, हेही विसरू नका. या खटल्यात पैशाचा धागा शेवटपर्यंत दिसतो. १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली आणि नकार आल्यावर उच्च न्यायालयात दावा लावला.

तारखेकडे लक्ष द्या. त्याच १८८४ साली इंग्लंडच्या संसदेने हा हुकूम मोडल्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा आपल्या देशात रद्द केली. इंग्रज स्त्रीला जी शिक्षा होऊ शकत नव्हती, ती मुंबईच्या स्त्रीला होऊ शकत होती, आणि तीही इंग्लंडहून आणलेल्या उपायाखाली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. पहिला मुद्दा, पतिपत्नी कधी एकत्र राहिलेलेच नाहीत. मग पुनःस्थापना कशाची? हा दावा हक्क परत मिळवण्याचा नसून प्रथमच सुरू करण्याचा आहे. दुसरा मुद्दा, हा उपाय इंग्लंडचा आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. आणि इंग्लंडमध्येही त्याची बदनामी झालेली असताना तो येथे ताणून लावण्याचे कारण नाही. तिसरे, अजाण वयात लग्न झालेल्या तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा पुरुषाकडे सोपवणे हे त्यांना रानटी आणि क्रूर वाटले.

या निकालाने गदारोळ उठला. बेहरामजी मलबारी आणि इतर सुधारकांनी स्वागत केले. रखमाबाई स्वतः ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर लिहीत होत्या. दुसऱ्या बाजूला टिळकांसह अनेकांना हा परकी न्यायाधीशाने धर्मात केलेला हस्तक्षेप वाटला. यातली गुंतागुंत नीट पाहा. धर्मरक्षणाच्या नावाने ज्या हुकमाची मागणी होत होती तो चर्चकडून आलेला होता, आणि ‘हा हिंदू कायदा नाही’ असे सांगणारा न्यायाधीश इंग्रज होता. टिळकांची भूमिका निव्वळ अज्ञानाची होती असे मी म्हणणार नाही. परकी सत्ता घरात कुठवर येऊ द्यायची हा त्यांचा प्रश्न खरा होता. फक्त त्या प्रश्नाचे उत्तर देताना घरातली स्त्री काय म्हणते हे विचारायचे राहून गेले.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला व खटला पुन्हा सुनावणीसाठी पाठवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एक महिन्यात पतीकडे राहायला जावे, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. त्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीला पन्नास वर्षे झाली होती. रखमाबाईंची कैफियत लंडनच्या टाइम्समध्ये छापून आली. त्यांच्या बचावासाठी समिती स्थापन झाली. तुरुंगाची वेळ आली नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पुढल्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९५५ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमलात आला होता, कलम ९ सकट. म्हणजे ज्या दाव्याशी त्या विशीत झगडल्या, तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात लिहिला गेलेला त्यांच्या हयातीतच होते.

खटल्याचा परिणाम काय झाला? कायद्याच्या पातळीवर लगेच काही नाही. तडजोडीने मिटलेल्या प्रकरणातून पुढच्यांना उपयोगी पडेल असा निकाल मिळत नाही. पण वातावरण तापले होते. मलबारींच्या मोहिमेला बळ मिळाले. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मेली आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. ती मर्यादा विवाहितेलाही लागू होती. वयाच्या वर मात्र पतीला सूट कायम राहिली. ती सूट दंड संहितेच्या कलम ३७५ च्या अपवादात होती आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ च्या अपवादात आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय अठरावर नेले, पण प्रौढ पत्नीच्या संमतीचा प्रश्न तसाच उरला. ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या सुटीवर परस्परविरोधी निकाल दिले. आपल्या मूळ वादाशी याचा संबंध उघड आहे. ज्या घरी परत जाण्याचा हुकूम होतो, त्या घरात नकार देण्याचा हक्क आहे की नाही, हे माहीत असल्याशिवाय हुकमाचा खरा अर्थ कळत नाही.

तुरुंगाची शिक्षा येथे रद्द व्हायला १९२३ उजाडले. तेव्हापासून हुकूम मोडल्यास फक्त जप्ती करता येते. आजच्या संहितेत ते आदेश २१, नियम ३२ मध्ये आहे. ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिच्यापुरता हा हुकूम कागदावरच राहतो असे वाटेल. तसे नाही, आणि त्याचे कारण १९६४ च्या दुरुस्तीत आहे.

मूळ १९५५ च्या कायद्यात नांदण्याचा हुकूम होऊन दोन वर्षे तो पाळला गेला नाही, तर हुकूम मिळवणाऱ्याला घटस्फोट मागता येत असे. १९६४ मध्ये हा अधिकार दोन्ही बाजूंना दिला गेला, अगदी हुकूम न पाळणाऱ्यालाही. १९७६ मध्ये मुदत एक वर्षावर आली. परिणाम असा की संसार जोडण्यासाठी असलेला दावा घटस्फोटाचा जिना झाला. दावा लावायचा, हुकूम घ्यायचा, वर्षभर थांबायचे, आणि मग दुसरा अर्ज. यावर आक्षेप असा होता की स्वतःच्या चुकीचा फायदा कोणी घेऊ नये. पण १९७७ मध्ये धर्मेंद्र कुमार विरुद्ध उषा कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ परत एकत्र न येणे ही त्या अर्थाने ‘चूक’ नव्हे असे ठरवले.

याच काळात दुसरा एक प्रश्न कोर्टात येऊ लागला : पत्नीची नोकरी. तुम्हांपैकी अनेकींना तो जवळचा वाटेल. १९६४ मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने तीरथ कौर प्रकरणात नोकरीसाठी वेगळे राहणाऱ्या पत्नीविरुद्ध निकाल दिला; पतीबरोबर राहणे हे तिचे कर्तव्य मानले गेले. १९७८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात स्वराज गर्ग प्रकरणात पत्नी पंजाबात शिक्षिका, पती दिल्लीत, आणि पत्नीची कमाई जास्त. न्यायालयाने म्हटले की घर कोठे असावे हे ठरवण्याचा अधिकार एकट्या पतीचा आहे असे हिंदू कायद्यात कोठेही नाही; राज्यघटनेच्या समतेच्या तत्त्वाशीही ते जुळत नाही. कायद्याचे कलम एकच, शब्द तेच. चौदा वर्षांत ‘पुरेसे कारण’ या दोन शब्दांचा अर्थ बदलला. कायद्याचा इतिहास बराचसा असाच घडतो, संसदेत कमी आणि अशा दोन शब्दांच्या अर्थात जास्त.

मग १९८३-८४ ची दोन वर्षे येतात. आंध्र प्रदेशात एका चित्रपट अभिनेत्रीविरुद्ध पतीने कडप्पाच्या न्यायालयात कलम ९ खाली अर्ज केला. टी. सरिता प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी कलम ९ च घटनाबाह्य ठरवले. त्यांच्या मते या हुकमामुळे शरीरसंबंधाचा निर्णय व्यक्तीच्या हातून जाऊन राज्याच्या हाती जातो. मूल व्हावे की नाही हा निर्णयही त्यात आला. आणि कलम दोघांना सारखे असले तरी भार स्त्रीवरच पडतो, म्हणून कागदावरची समानता येथे पुरत नाही. काही महिन्यांतच दिल्ली उच्च न्यायालयात हरविंदर कौर प्रकरणात न्यायमूर्ती अवध बिहारी रोहतगी यांनी अगदी उलटे म्हटले. घरात राज्यघटना आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणे, असा त्यांचा दृष्टान्त गाजला. एकत्र राहणे म्हणजे केवळ शरीरसंबंध नव्हे, त्यात सहवास आहे, आधार आहे, आणि न्यायालय शरीरसंबंधाचा हुकूम देतच नाही, असे त्यांचे म्हणणे.

दोन्ही निकाल वाचा, आणि दोन्ही पूर्ण वाचा. रोहतगींचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहवास हा शब्द शरीरापेक्षा मोठा आहेच. अडचण अशी की हुकमाने आणलेल्या सहवासात मोठे काय उरते, याचे उत्तर त्यांच्या निकालात सापडत नाही.

८ ऑगस्ट १९८४ रोजी सरोज राणी विरुद्ध सुदर्शन कुमार चढ्ढा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची बाजू घेतली. विवाह तुटू नये म्हणून हे कलम मदत करते, सक्ती फक्त जप्तीची आहे, असे न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी यांनी लिहिले. कायद्याचे विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात. प्रकरणातली हकिगत मात्र क्वचितच सांगतात. येथे नांदण्याचा दावा पत्नीने लावला होता. पतीने विरोध केला नाही, संमतीने हुकूम झाला. मग वर्षभर लोटल्यावर पतीनेच त्या हुकमाचा आधार घेऊन घटस्फोट मागितला, आणि तो त्याला मिळाला. विवाह वाचवणारे कलम म्हणून ते ज्या निकालात वैध ठरले, त्याच निकालात विवाह संपला. न्यायालयाने पत्नीच्या आणि मुलीच्या पोटगीची सोय केली, एवढेच.

इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने पूर्ण काढून टाकला. आपल्याकडे तो सरोज राणीच्या आधारावर उभा आहे. त्या आधाराखालची जमीन मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी हलली. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि शरीर व जवळची नाती यांबाबतचे निर्णय त्यात घेतले. २०१८ मध्ये जोसेफ शाइन प्रकरणात व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द झाले. विवाह झाल्याने व्यक्तीची स्वायत्तता संपत नाही असे तेथे म्हटले गेले. त्याच वर्षी विधी आयोगाने कुटुंब कायद्यावरील आपल्या विचारपत्रात कलम ९ काढून टाकण्याच्या आधीच्या उच्चस्तरीय समितीच्या शिफारशीला दुजोरा दिला. आणि २०१९ मध्ये गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलांनी, या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

कलम काढून टाकावे असे म्हणताना एक अडचण मोजावी लागते. हा दावा स्त्रियाही लावतात. ज्या बाईला घराबाहेर काढले आहे, जिला माहेरी जागा नाही, तिच्यासाठी ‘मी नांदायला तयार आहे’ हे कोर्टाच्या कागदावर येणे हा एक बचाव असतो. माझ्या मते तिला खरी गरज राहत्या घराच्या हक्काची आणि पोटगीची आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घराचा हक्क दिलेला आहे. पण तो मिळवणे सोपे आहे असे कोणी म्हणू नये. उलट दिशेने, पोटगीचा अर्ज आला की पतीच्या वकिलाने नांदण्याचा दावा टाकायचा ही कौटुंबिक न्यायालयातली ठरलेली चाल आहे. हुकूम मिळाला की ‘ती कारण नसताना येत नाही, मग पोटगी कशाची?’ असे म्हणता येते.

या चालीवर १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. झारखंडमधील प्रकरण होते. पतीने नांदण्याचा हुकूम मिळवला होता, पत्नी गेली नव्हती. तिचे म्हणणे असे की घरातले स्वच्छतागृह वापरू दिले जात नव्हते, स्वयंपाकासाठी गॅस वापरू दिला जात नव्हता. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांनी ठरवले की असा हुकूम आहे आणि पत्नीने तो पाळला नाही, एवढ्यावरून तिची पोटगी बंद होत नाही. न जाण्यास पुरेसे कारण होते का हे प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर स्वतंत्रपणे पाहावे लागेल. तिची पोटगी कायम झाली.